कंपायलर स्वतःला घडवतो तेव्हा

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड, म्हणजेच सोर्स, यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. जीसीसी हा कंपायलर सोर्समधून बिल्ड करायला घेतला, की तो एकदा तयार होऊन थांबत नाही. आधी यंत्रावर जो कुठला सी++ कंपायलर असेल, त्याच्याकडून तो स्वतःला कंपाइल करून घेतो. त्यातून जो जीसीसी निघतो, तो पुन्हा तोच सोर्स हातात घेतो आणि स्वतःची दुसरी प्रत घडवतो. मग ती दुसरी प्रत तिसरी घडवते. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीच्या ऑब्जेक्ट फाइल्स, म्हणजे निघालेल्या मशीन कोडच्या फाइल्स, एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. जुळल्या तर पुढचं काम सुरू होतं. नाही जुळल्या तर ‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’ असा संदेश येतो आणि बिल्ड तिथेच थांबतो.

या तीन फेऱ्या मला फार आवडतात. बिल्ड चालू असताना टर्मिनलवर सरकणाऱ्या ओळी मी पुष्कळदा नुसत्या बघत बसते. त्याच फाइलचं नाव दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समोरून जातं, आणि दर वेळी तिला कंपाइल करणारा मात्र वेगळा असतो.

कंपायलर बिल्ड व्हायला इतका वेळ का लागतो, असं विचारलं की बहुतेक वेळा ‘कोड मोठा आहे म्हणून’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. गो भाषेचा कंपायलर साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उभा राहतो. रस्टचा कंपायलर त्याच लॅपटॉपवर एलएलव्हीएम या त्याच्या मागच्या बाजूसकट बिल्ड करायला घ्या, पंख्याचा आवाज बराच वेळ थांबायचा नाही. दोन्ही आपापल्या भाषेतच लिहिलेले, दोन्ही स्वतःला एकाहून जास्त वेळा घडवणारे. मग फरक येतो कुठून? मी जितकं वाचलं आणि जितकं चालवून पाहिलं, त्यावरून माझं मत असं झालंय की या वेळात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही वेळ असा असतो, की तो खर्च करून हातात काहीतरी पडतं: खात्री, किंवा पुढे लाखो वेळा उपयोगी येणारा वेग. आणि काही वेळ नुसता तेच ते पुन्हा वाचण्यात जातो. दुसऱ्याची मला मनापासून चीड आहे, आणि पहिला वाचवायच्या मागे कुणी लागलं की मला काळजी वाटते.

आधी त्या तीन फेऱ्यांबद्दल. तीनच का, दोन का नाहीत?

पहिली प्रत परक्या कंपायलरने घडवलेली असते. तो कंपायलर चांगला असेल, जुना असेल, त्यात एखादी चूकही असेल. त्यामुळे पहिल्या प्रतीचा मशीन कोड कसा दिसतो यावरून काहीच ठरवता येत नाही. पण ती प्रत वागायला मात्र जीसीसीच असायला हवी, कारण तिचा सोर्स जीसीसीचा आहे. दुसरी प्रत या पहिलीने घडवली, म्हणजे दुसरीचा मशीन कोड जीसीसीच्या नियमांनी निघाला. तिसरी प्रत दुसरीने घडवली, म्हणजे तिचाही मशीन कोड त्याच नियमांनी निघाला. पहिली आणि दुसरी या दोघी वागायला खरोखर सारख्या असतील, तर त्यांनी एकाच सोर्समधून काढलेलं उत्पादन, म्हणजेच दुसरी आणि तिसरी प्रत, तंतोतंत एक असायला हवं. नसेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय: परक्या कंपायलरने काहीतरी चुकीचं घडवलं, किंवा नव्या जीसीसीने स्वतःला चुकीचं कंपाइल केलं, किंवा सोर्समध्येच असं काही आहे ज्याचा अर्थ यंत्रागणिक बदलतो. दोन फेऱ्यांमध्ये ही तुलना करायला काही उरतच नाही. म्हणून तीन.

यात सुंदर भाग असा, की चाचणीसाठी वेगळा प्रोग्राम शोधावा लागत नाही. कंपायलर हा स्वतःच लाखो ओळींचा, गुंतागुंतीचा, खराखुरा प्रोग्राम आहे. तोच कसाला लावला जातो.

आता वेळेचा हिशेब बघा. पहिली प्रत घाईत घडवतात, जवळपास ऑप्टिमायझेशनशिवाय, म्हणजे कोड वेगवान करण्याचे कष्ट न घेता, आणि वर तिच्यात अंतर्गत तपासण्या चालू ठेवतात. त्यामुळे ती लवकर तयार होते, पण चालते संथ. आणि दुसरी पूर्ण प्रत घडवण्याचं सगळं ओझं या संथ प्रतीवरच पडतं. बहुतेकांना वाटतं तीन फेऱ्या म्हणजे तिप्पट वेळ. तसं नसतं, तिन्ही फेऱ्यांचा वेग वेगळा असतो, आणि मधली फेरी सगळ्यात रेंगाळते.

शिवाय ही फेऱ्यांची रांग मोडता येत नाही. दुसरी प्रत तयार झाल्याशिवाय तिसरी सुरूच होणार नाही. एका फेरीच्या आतलं काम कितीही कोअरवर वाटता येईल, पण दोन फेऱ्या एकाच वेळी चालवता येणार नाहीत. जीन ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट यंत्रावर काय आहे, काय नाही हे एकेक करून तपासते, तेव्हा चौसष्ट कोअरचं यंत्र असो की चार, वेळ जवळजवळ सारखाच जातो.

कंपायलरने स्वतःलाच कंपाइल करण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. १९६२ मध्ये एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. तो आधी लिस्पच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे कंपाइल न करता कोड थेट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवला आणि त्याला स्वतःचाच सोर्स खाऊ घातला. बाहेर आला तो मशीन कोडमधला कंपायलर. त्यांच्याकडे निदान इंटरप्रिटर हाताशी होता. आजच्या भाषांची पंचाईत अशी, की हाताशी असलेली गोष्ट म्हणजे त्याच भाषेचा जुना कंपायलर, आणि तो घडवायला त्याच्याआधीचा.

रस्टचं उदाहरण घेऊ. ग्रेडन होअरने रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमल भाषेत लिहिला होता. २०११ मध्ये रस्टमध्ये लिहिलेल्या कंपायलरने स्वतःला कंपाइल केलं, आणि ओकॅमलची पायरी मागे पडली. तेव्हापासून नवी आवृत्ती मागच्या आवृत्तीने घडवायची, असा रिवाज आहे. बिल्ड सुरू केला की पहिल्यांदा आधीच्या आवृत्तीचा तयार कंपायलर डाउनलोड होतो. त्याला शून्य क्रमांकाची पायरी म्हणतात. तो पहिल्या पायरीचा कंपायलर घडवतो, पहिला दुसऱ्याला घडवतो. पहिल्या पायरीच्या कंपायलरमध्ये नव्या आवृत्तीचं सगळं ज्ञान असतं, पण त्याचं शरीर जुन्या कंपायलरने घडवलेलं असतं. नव्या आवृत्तीत वेगवान कोड काढायची एखादी युक्ती आली असेल, तर तिचा फायदा खुद्द कंपायलरला मिळतो तो दुसऱ्या पायरीवर. रस्टवर रोज काम करणारे लोक पहिल्या पायरीवरच थांबतात, आणि ते योग्यच आहे. जगाला वाटायची प्रत मात्र दुसऱ्या पायरीची असते.

पण रस्टच्या बिल्डमध्ये पहिल्यांदा जो वेळ जातो, त्यातला फार मोठा वाटा रस्टचा नसतोच. तो एलएलव्हीएमचा असतो.

एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं, क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांच्या कामातून. आज सी++ चा क्लँग हा कंपायलर, आणि रस्ट, स्विफ्ट, ज्यूलिया अशा कितीतरी भाषांच्या कंपायलरांची मागची बाजू तेच सांभाळतं. भाषा समजून घ्यायचं काम ज्याचं त्याने करायचं, आणि त्यातून एका ठरावीक मधल्या रूपात कोड द्यायचा. तिथून वेगवान मशीन कोड काढायची जबाबदारी एलएलव्हीएमची. नवी भाषा करणाऱ्यासाठी हे मोठं वरदान आहे. पंचवीस वर्षांची ऑप्टिमायझेशनची मेहनत आयती मिळते. मात्र कंपायलर सोर्समधून बिल्ड करायचा म्हटलं, की ती पंचवीस वर्षांची मेहनतही बिल्ड करावी लागते.

आणि ती सगळी सी++ मध्ये आहे.

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझी चीड आहे ती इथल्याच वेळाची. सी आणि सी++ मध्ये दुसऱ्या फाइलमधली गोष्ट वापरायची तर तिची हेडर फाइल इन्क्लूड करावी लागते. इन्क्लूड म्हणजे अक्षरशः तो मजकूर तिथे ओतणं. त्या हेडरमध्ये आणखी दहा हेडर, त्या प्रत्येकात आणखी काही. स्वतःच्या तीनशे ओळींची फाइल कंपायलरच्या तोंडाशी पोचेपर्यंत लाखभर ओळींची झालेली असते. आणि शेजारची फाइल कंपाइल करताना तोच लाखभर ओळींचा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला जातो, कारण आधीच्या वाचनातलं काहीही लक्षात ठेवलेलं नसतं. ही पद्धत १९७० च्या दशकात ठरली. यंत्राची मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जायची आणि एक फाइल वाचून, कोड काढून, सगळं विसरून जाणं हाच शहाणपणा होता, तेव्हाची ही गोष्ट. यंत्रं बदलली. पद्धत राहिली.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं मोजमाप रॉब पाइकने गो भाषेबद्दल लिहिताना दिलंय. २००७ मध्ये गूगलच्या बिल्ड अभियंत्यांनी तिथला एक मोठा प्रोग्राम कंपाइल होताना मोजमाप घेतलं. सुमारे दोन हजार फाइल्स होत्या, सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर ४.२ मेगाबाइट. सगळी हेडर्स उलगडल्यावर कंपायलरला प्रत्यक्षात वाचावा लागला आठ गिगाबाइटहून जास्त मजकूर. लिहिलेल्या एका बाइटमागे दोन हजार बाइट वाचन! पाइकने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: त्याच काळात तो ज्या सी++ प्रोग्रामवर काम करत होता, तो भल्यामोठ्या क्लस्टरवर कंपाइल व्हायलाही पाऊण तास लागायचा. गो भाषेचा विचार अशा वाट पाहण्याच्या काळातच सुरू झाला.

टेम्पलेट, म्हणजे प्रकार नंतर भरायचा कोडचा साचा, हा याच दुखण्याचा दुसरा पदर. एकच टेम्पलेट शंभर फाइल्सनी एकाच प्रकारासाठी वापरलं, तर शंभर वेळा त्याचा कोड काढला जातो, शंभर वेळा त्यावर ऑप्टिमायझेशन चालतं, आणि शेवटी लिंकर, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम करणारा, त्यातला एक ठेवून नव्व्याण्णव फेकून देतो. या कष्टातून कुणालाही काही मिळत नाही. सी++२० मध्ये मॉड्यूल्स आली ती यावर उपाय म्हणूनच, पण दशकांचा कोड हेडरवरून मॉड्यूलवर नेणं हे सोपं काम नाही, आणि आजही बहुतेक मोठे प्रकल्प हेडरवरच चालतात.

म्हणजे रस्टसारख्या नव्या, नीट विचार करून आखलेल्या भाषेचा कंपायलर बिल्ड करताना आपण वाट पाहतो ती बऱ्याच अंशी जुन्या यंत्रांच्या तुटपुंज्या मेमरीची. रस्टच्या बिल्डमध्ये तयार एलएलव्हीएम डाउनलोड करून घ्यायची सोय आहे आणि कंपायलरवर काम करणारे ती वापरतात. एलएलव्हीएम स्वतः बिल्ड करायचंच असेल, तर सगळ्यात आधी मी लक्ष्य-प्रोसेसरांची यादी छाटते. काही न सांगता बिल्ड केलं तर ते एक्स८६, आर्म, रिस्क-व्ही, पॉवरपीसी असे झाडून सगळे प्रोसेसर घेऊन बसतं. आपल्याला हवा असतो एक. प्रत्येक प्रोसेसरच्या सूचनांची वर्णनं वेगळ्या फाइल्समध्ये लिहिलेली असतात, टेबलजेन नावाचा प्रोग्राम ती वाचतो आणि त्यातून सी++ चा कोड निर्माण करतो. म्हणजे कंपायलर घडवण्याआधी, कंपायलरचा कोड लिहिणारा प्रोग्राम घडवायचा.

जीसीसीतही हेच आहे, आणि तिथे यातून एक विचित्र अडचण उभी राहिली होती. आकडेमोडीची राशी सोपी करण्याचे नियम एका फाइलमध्ये लिहायचे आणि त्यातून सी++ कोड निर्माण करायचा, अशी व्यवस्था आहे. नियम वाढत गेले तशी ती निर्माण झालेली फाइल इतकी अवाढव्य झाली, की बाकी सगळं आटोपल्यावरही एक कोअर एकटा त्या फाइलशी झुंजत असायचा आणि उरलेले कोअर रिकामे बसलेले असायचे. जीसीसी १४ मध्ये त्या फाइलचे दहा तुकडे करण्यात आले. नियम तेच, कोड तितकाच, फक्त वाटून दिलेला. असली सुधारणा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्यानंतर जगात जेवढे बिल्ड झाले तेवढ्या सगळ्यांचा थोडा थोडा वेळ तिने वाचवला.

एलएलव्हीएमच्या बिल्डमध्ये शेवटच्या टप्प्यात जे होतं, ते मात्र तुकडे करून सुटत नाही. निंजा हा बिल्ड चालवणारा प्रोग्राम आकडे पुढे ढकलत असतो, पाच हजारांतले चार हजार नऊशे झालेले असतात, आता झालंच असं वाटतं, आणि तिथे सगळं खिळतं. लिंकर चालू झालेला असतो. डिबग माहितीसकट बिल्ड असेल तर एकेक लिंकर कित्येक गिगाबाइट मेमरी घेतो, आणि असे सात-आठ एकदम सुरू झाले की यंत्र मेमरीतून डिस्कवर फेकाफेकी करू लागतं. म्हणून एका वेळी किती लिंकर चालवायचे याची मर्यादा घालायची वेगळी सोय एलएलव्हीएममध्ये आहे. इथे कामं कमी जणांना वाटल्यानेच ती लवकर होतात.

ऑप्टिमायझेशनवर जाणाऱ्या वेळाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या फोरट्रान कंपायलरपासून ते चालत आलंय. जॉन बॅकस आणि त्याच्या गटाने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी तो पूर्ण केला, आणि त्यातले बरेचसे कष्ट याच गोष्टीवर गेले, की निघालेला कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीस तोड हवा. नाहीतर त्या काळच्या प्रोग्रामरनी तो वापरलाच नसता. हे प्रश्न मुळात अवघड आहेत. हजारो व्हेरिएबल्स प्रोसेसरमधल्या मूठभर रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या जागांमध्ये, कशी बसवायची, हा प्रश्न ग्रेगरी चेटिन आणि आयबीएममधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आलेख रंगवण्याच्या, म्हणजे जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग कमीत कमी रंगांत देण्याच्या, प्रश्नाशी जोडला, आणि आलेख रंगवण्याचं नेमकं उत्तर झटपट काढायची रीत कुणालाच सापडलेली नाही. कंपायलर अंदाजाने, युक्त्यांनी चांगलं उत्तर शोधतात. जास्त चांगलं हवं तर जास्त शोधावं लागतं. रस्टमध्ये यात आणखी भर पडते, कारण जेनेरिक फंक्शन ज्या ज्या प्रकारासाठी वापरलं जाईल, त्या प्रत्येकासाठी त्याची वेगळी प्रत निघते आणि प्रत्येक प्रतीवर एलएलव्हीएमला वेगळं काम करावं लागतं. चालताना मिळणाऱ्या वेगाची किंमत कंपाइल होताना चुकवलेली असते.

निक्लाउस विर्थला हे असं सहजासहजी मान्य नव्हतं. पास्कल आणि ओबेरॉन या भाषा करणारा हा माणूस कंपायलरच्या गुणवत्तेचं माप म्हणून एकच गोष्ट धरायचा: कंपायलरला स्वतःला कंपाइल करायला किती वेळ लागतो. कुणी नवी ऑप्टिमायझेशन घालायची म्हटली, तर तिने आपला खर्च आपणच भरून काढायचा. म्हणजे तिच्यामुळे कंपायलर जितका मोठा झाला, त्याहून जास्त तो वेगवानही व्हायला हवा. स्वतःला कंपाइल करायचा वेळ वाढला, तर ती ऑप्टिमायझेशन बाहेर. मला या नियमाचा कणखरपणा फार भावतो. वापरणारा आणि घडवणारा असे दोन वेगळे पक्ष त्यात नाहीतच, दोघांचीही भूमिका एकाच प्रोग्रामला करावी लागते.

पण विर्थचा नियम आज जसाच्या तसा लावावा असं मला वाटत नाही. व्हिडिओ उलगडणारा एखादा आतला लूप दुप्पट वेगाने चालवणारी ऑप्टिमायझेशन कंपायलरला स्वतःला काडीचाही फायदा देणार नाही, कारण कंपायलरमध्ये तसले लूप नसतात. विर्थच्या तराजूत ती नापास होईल. मात्र ज्या कोट्यवधी यंत्रांवर तो व्हिडिओ चालतो, तिथे तिचा उपयोग आहे. वाट कुणी पाहायची, हा खरा प्रश्न. कंपायलर बिल्ड करणाऱ्याने, तो वापरणाऱ्या प्रोग्रामरने, की शेवटी प्रोग्राम चालवणाऱ्याने? वेळ या तिघांत सरकवता येतो. फाब्रिस बेलारचा टायनी सी कंपायलर जवळजवळ काहीच ऑप्टिमाइझ करत नाही, आणि त्याचं फळ म्हणून २००४ मध्ये त्याने दाखवलं की यंत्र चालू होताना लिनक्सचा कर्नल सोर्समधून पंधरा सेकंदांच्या आत कंपाइल करून तिथूनच बूट करता येतो. तसा कर्नल चालायला मात्र संथ.

गो बनवणाऱ्यांनी हा निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतला. सुरुवातीला त्यांनी एलएलव्हीएमचा विचार केला होता, पण त्यांच्या उद्दिष्टांसाठी ते फार मोठं आणि फार संथ आहे म्हणून सोडून दिलं. स्वतःची मागची बाजू लिहिली, ऑप्टिमायझेशन मोजक्या ठेवल्या. पॅकेजांमध्ये चक्राकार अवलंबन भाषेनेच नाकारलं, न वापरलेला इंपोर्ट ही चूक ठरवली, आणि एक पॅकेज कंपाइल करताना फक्त ज्यांना ते थेट इंपोर्ट करतं त्यांचीच आधी काढून ठेवलेली माहिती वाचायची, अशी सोय केली. २०१५ मध्ये, गो १.५ च्या वेळी, तोवर सी मध्ये असलेला कंपायलर बऱ्याच अंशी यंत्राकरवी गोमध्ये भाषांतरित केला गेला, आणि कंपाइल करायचा वेळ साधारण दुप्पट झाला. त्यांनी ते आवृत्तीच्या टिपणात सरळ लिहिलं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये भरून काढायच्या मागे लागले. तरीही गोचा कंपायलर स्वतःला एकामागून एक फेऱ्यांनी घडवतो, आणि ते सगळं मिळून इतक्या लवकर होतं की त्या फेऱ्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तपासणीच्या फेऱ्या महाग नसतात, एकेक फेरी महाग असते, हे मला गोवरून कळलं.

याच्या अगदी उलट टोकाला प्रोफाइल पाहून केलेला बिल्ड. आधी मोजमाप घेणारा कंपायलर बिल्ड करायचा. मग त्याच्याकडून भरपूर खराखुरा कोड कंपाइल करवून तो कुठे रेंगाळतो, कुठल्या वाटेने वारंवार जातो ते टिपायचं. मग ती टिपणं हाताशी घेऊन पुन्हा पहिल्यापासून बिल्ड करायचा. बिल्डचा वेळ भरमसाट वाढतो. पण रस्टच्या लिनक्सवरच्या अधिकृत प्रती अशा घडवल्या जातात, आणि त्यामुळे ती प्रत वापरणाऱ्या प्रत्येकाचा प्रत्येक कंपाइल हलका होतो. एका ठिकाणी काही तास जळले तर जगभर त्याच्या कितीतरी पट वाचतात. असा वेळ कितीही लागो, मी तो उधळपट्टीत धरणार नाही.

आणि मग राहतो विश्वासाचा प्रश्न. तो मला सगळ्यात जवळचा आहे.

केन थॉम्प्सनने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं, की कंपायलरच्या बायनरीत, म्हणजे तयार मशीन कोडच्या फाइलीत, एक कपट असं लपवता येतं, जे सोर्समध्ये कुठेही दिसत नाही. बायनरी कंपायलर स्वतःचा सोर्स कंपाइल होताना ओळखतो आणि ते कपट नव्या प्रतीत गुपचूप उतरवतो. सोर्स कितीही वेळा वाचा, त्यात काही सापडणार नाही. वर सांगितलेली जीसीसीची तुलनाही इथे लुळी पडते, कारण तिन्ही प्रतींत तेच कपट इमानेइतबारे उतरलेलं असेल आणि दुसरी-तिसरी तंतोतंत जुळतील. डेव्हिड व्हीलरने यावर उपाय मांडला: सोर्स अगदी वेगळ्या, स्वतंत्र कंपायलरने घडवायचा, त्यातून निघालेल्या प्रतीने पुन्हा घडवायचा, आणि शेवटचं उत्पादन संशयित कंपायलरच्या उत्पादनाशी ताडून पाहायचं. दोन्ही कंपायलरांत एकच कपट असण्याची शक्यता फार कमी. पुन्हा फेऱ्या, पुन्हा वेळ.

काही लोक याहून खाली उतरले. ग्विक्स या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांची संपूर्ण प्रणाली फक्त ३५७ बाइटच्या एका बायनरी बीजापासून, बाकी सगळं सोर्समधून, घडवता येते. ३५७ बाइट माणूस कागदावर घेऊन एकेक तपासू शकतो. त्या बीजातून थोडा मोठा असेंब्लर, त्यातून सी चा अगदी साधा कंपायलर, मग मेस नावाचा सी कंपायलर, मग टायनी सी, मग जीसीसीची २.९५ ही गेल्या शतकातली आवृत्ती, मग ४.६, आणि तिथून हळूहळू आजची. जुन्या जीसीसीकडे इतकं मागे जावं लागतं याचं कारण असं, की २०१३ मध्ये आलेल्या ४.८ पासून जीसीसी घडवायला सी++ कंपायलरच लागतो, आणि नुसता सी हाती असलेल्याला त्याआधीच्या आवृत्तीतूनच वर चढावं लागतं. या वाटेवर प्रत्येक पायरीला बिल्ड आहे, आणि काही पायऱ्या इतक्या साध्या कंपायलरने चढायच्या असतात की त्या फार संथ चालतात. पण मला वाटतं, कंपायलर घडवायला खर्च होणाऱ्या वेळात याहून सार्थकी लागलेला वेळ नाही.

झिग या भाषेने वेगळा मार्ग काढला. त्यांनी स्वतःचा कंपायलर वेबअसेंब्लीत, म्हणजे कुठल्याही एका प्रोसेसरशी न बांधलेल्या बायनरी रूपात, कंपाइल करून ती फाइलच सोर्ससोबत ठेवली. सी मध्ये लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम ती फाइल सी मध्ये उलटवतो, यंत्रावरचा कंपायलर तो सी घडवतो, आणि त्यातून झिग उभा राहतो. जुन्या सी++ कंपायलरचं जोखड त्यामुळे गेलं. चतुर आणि जलद उपाय आहे. पण ती वेबअसेंब्लीची फाइल हीसुद्धा एक बायनरीच, आणि सुरुवातीपासून सगळं सोर्समधूनच हवं असा आग्रह धरणाऱ्यांचं तिने समाधान होत नाही. मी त्यांच्या बाजूची.

रस्टसाठी असा आग्रह धरणाऱ्यांची परीक्षाच असते. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, ती मागच्या आवृत्तीने घडवायची, म्हणजे साखळीत दर सहा आठवड्यांनी एक कडी वाढते, आणि प्रत्येक कडी म्हणजे एक पूर्ण बिल्ड. ओकॅमलपासून सुरुवात करून आजवर यायचं म्हटलं तर ते जवळपास अशक्यच आहे. म्हणून एमरस्टसी नावाचा कंपायलर आहे, सी++ मध्ये लिहिलेला, फक्त रस्टचा खरा कंपायलर घडवता यावा एवढ्यासाठी. रस्टची ओळख असलेली बॉरोची तपासणी, म्हणजे मेमरी सुरक्षितपणे वापरली जाते का हे पाहणं, तो करतच नाही. त्याला जो सोर्स द्यायचा, तो खऱ्या कंपायलरने आधीच तपासून बरोबर ठरवलेला असतो. अनावश्यक काम बाजूला ठेवून नेमकं हवं तेवढंच करणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. आधी तो रस्टच्या १.५४ पर्यंत पोचत होता, तिथून पुढे एकेक आवृत्ती चढत जायची. मग तो १.७४ पर्यंत पोचला, आणि मधले वीस बिल्ड एकदम कमी झाले.